बोमीचा पहिला शब्द

माझी मागणी काही आकाशातला चंद्र मागण्यासारखी नव्हती. पोटच्या पोरीनं मला 'आई' म्हणावं, एवढंच माझं म्हणणं. वेंगुर्ल्यात हे काम कोणाच्याही घरी, कोणी काही न करता, दात येता येता उरकतं. समुद्रापार, माझ्या सासरी तोंग्यंगमध्ये, त्यासाठी एक दवाखाना, एक सरकारी केंद्र, एक नेपाळी दुभाषी, खालच्या मजल्यावरच्या ताकबाई आणि ढीगभर कोबी लागले.

अडचण अशी, की इकडच्या भाषेत 'आई' हा शब्द आधीच घेतलेला आहे. इकडे 'आई' म्हणजे मूल. लहान पोर. ज्या कोणी हा शब्द तिकडून इकडे आणला त्याची होडी वाटेत उलटली असावी आणि अर्थ पालथा होऊन किनाऱ्याला लागला असावा.

लग्न होऊन आले त्या पहिल्या सकाळी मी सवयीनं सासूबाईंना वाकून "आई" म्हटलं. सासूबाई अंगणात सुकी मासळी निवडत होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं, पुढं पाहिलं, टोपलीखाली पाहिलं.

"कुठाय मूल?"

"तुम्ही," मी नम्रपणे म्हणाले.

त्यानंतर दिवसभर त्या जिनमोला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कोपऱ्यात घेऊन विचारत होत्या, की तुझ्या बायकोला चष्मा लागतो हे लग्नाआधी का नाही सांगितलंस.

त्या स्वतः मला 'आगा' म्हणून बोलवायच्या. आगा म्हणजे बाळ. नव्या सुनेला इकडे तसंच म्हणतात. मला ते 'अगं' ऐकू यायचं आणि परक्या मुलखात कोणीतरी 'अगं' म्हणतंय म्हणून मी हरखून जायचे. पण खरी कसोटी पुढंच होती. सासूबाईंना बसता-उठता 'आयगो' म्हणायची सवय. त्यांनाच कशाला, इथं सगळ्यांनाच. गुडघा दुखला, आयगो. दूध उतू गेलं, आयगो. टीव्हीवरच्या सुनेनं सासूला उलट उत्तर दिलं, आयगो, आयगो, आयगो.

आता वेंगुर्ल्याच्या मुलीच्या कानाला हे काय ऐकू येणार? "आये गो!" आमच्याकडे बाईमाणूस 'आये गो' म्हणून ओरडलं, की विळीवर बोट कापलेलं असतं, नाहीतर माडावरून कोणीतरी पडलेलं असतं. मी हातातलं टाकून धावायचे.

"काय झालं? कुठं लागलं?"

सासूबाई मान वर न करता म्हणायच्या, "कांदे महागले."

इतकी वर्षं झाली, पण हा झटका काही गेला नाही. डोक्याला कळतं, पायांना कळत नाही. आयगो ऐकलं की मी उभी. भाजी करपू दे, फोन चालू असू दे, मी दारात हजर. सासूबाई मैत्रिणींना सांगायच्या, "सून चांगली आहे, पण तिच्यात स्प्रिंग बसवलीय."

तर, बोमी. 'बोम' म्हणजे वसंत. वसंतासारखी ती बोमी. इतकं गोड नाव मी फोनवर सांगितलं, तर तिकडून माझी आई म्हणाली, "काय गो, चेडवाचा नाव बोंब? आणि मगे रडता म्हणान तक्रार करतंस?"

नावाला जागून पोरगी रडायची खणखणीत, पण बोलायचं नाव नाही. आणि एक दिवस बोलली. काय, तर "आप्पा." इकडे आप्पा म्हणजे बाप. जिनमो नगरपालिकेच्या पाणीखात्यात कामाला आहे. दिवसाकाठी मोजून चार वाक्यं बोलणारा माणूस. पोरीला शिकवण्यासाठी त्यानं काडी हलवली नव्हती. आयता आप्पा होऊन बसला. वर माझे वडील वेंगुर्ल्यात सगळ्या आळीचे आप्पाच. व्हिडिओवर बोमी "आप्पा" म्हणाली, की इकडून हा "हं!" म्हणतो आणि तिकडून ते "ओ!" देतात. एका शब्दात दोन पुरुषांची सोय. मी मधे फोन धरून उभी, खांबासारखी.

माझ्या आजोळी जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या बाया. जातं इकडे कुठून आणणार, मी मिक्सर लावून एक म्हटली:

*दुधाच्या वाटीपाशी लेक माझी बैसली,*
*बापाला हाक दिली, मला कशी विसरली?*

"तक्रार आहे का?" मिक्सर थांबल्यावर जिनमोनं विचारलं.

"ओवी आहे."

"सूर तक्रारीचा आहे," तो म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते चौथं वाक्य होतं.

मग बाळाच्या सरकारी तपासणीची वेळ आली. नर्स गोड होती, पण तिच्यासमोरच्या पडद्यावर प्रश्न ठरलेले होते. इकडे आईला ओम्मा म्हणतात.

"ओम्मा म्हणते का?"

"मी तिला आई म्हणायला शिकवतेय."

"म्हणजे मूल?"

"नाही, म्हणजे ओम्मा."

"मग ओम्मा म्हणते?"

"नाही. आई म्हणणार आहे."

"म्हणजे मूल." नर्सनं माझ्याकडे अशा मायेनं पाहिलं, की तपासणी माझीच चालू आहे असं वाटावं. "आप्पा म्हणते का?"

"म्हणते," मी दात आवळून म्हणाले.

निकाल असा लागला, की पोरगी ठणठणीत आहे, बापाची भाषा तिला येते, आईच्या बाजूनं मात्र पुरवठा कमी पडतोय. माझा पुरवठा कमी! मी, जिला शाळेत बाईंनी तोंडाला पट्टी बांधून उभं केलं होतं!

दवाखान्यानं परदेशी सुनांच्या मदतकेंद्राला कळवलं. केंद्राचा फोन आला.

"बाळाच्या आईची भाषा कोणती?"

"मराठी."

पलीकडे टकटक झाली. "यादीत नाही. दुसरी कुठली येते का?"

"मालवणी."

टकटक बराच वेळ चालली. "तीही नाही हो. जवळपासचं काही चालेल का?"

चप्पल आपल्या मापाची नसली, तर एक नंबर मोठी देतात तसा आवाज होता. मी भिडस्तपणे "बघा, काय असेल ते" म्हणाले आणि केंद्रानं मेनुका नावाची नेपाळी मुलगी पाठवली. स्वभावानं सोनं. ती मला "दिदी" म्हणाली, मी तिला चहा दिला, दोघी मोडक्या हिंदीत आपापल्या सासवांविषयी पोटभर बोललो. जाताना तिनं बोमीचा गाल कुरवाळला. "म्हण बाळा, आमा! आमा!"

दारात सासूबाई होत्या; त्यांचं घर पलीकडच्या गल्लीत, पण दिवस आमच्या तिसऱ्या मजल्यावर जायचा. त्यांचे डोळे लकाकले. "बघ! त्यांच्याकडेसुद्धा जवळजवळ ओम्माच म्हणतात. तुझंच काय ते जगावेगळं!"

आता मी काही हट्टी बाई नाही. ओम्मा हा शब्द वाईट आहे असंही नाही. चांगला मऊ शब्द आहे, दोन ओठ मिटले की होतो. पण मी तो कधी कोणाला हाक मारायला वापरला नव्हता. 'आई'ला माझ्या जिभेवर उकड्या तांदळाच्या पेजेची चव आहे. इथं आल्यापासून हा शब्द मी फक्त फोनमध्ये बोलते, तोही रेंज असली तर. माझ्या घरातल्या हवेत, भिंतींना ऐकू जाईल असा, तो कोणीतरी मोठ्यानं म्हणावा, एवढ्यासाठी माझा जीव अडला होता. पण हे मी सांगणार कोणाला? सगळ्यांना वाटत होतं, की प्रश्न पोरीच्या जिभेचा आहे.

मेनुकेनंतर केंद्रानं घरी येऊन शिकवणाऱ्या बाई पाठवल्या. त्यांचं आडनाव मराठीत लिहिण्यासारखं नाही, म्हणून मी त्यांना नुसतं बाई म्हणते. बाईंचा चित्रांवर विश्वास. त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी डकवली. माझा एक फोटो मागून घेतला, खाली मोठ्या अक्षरांत 'ओम्मा' लिहिलं आणि फ्रिजच्या दाराला चिकटवला. "रोज तिला इथं आणायचं, बोट लावायचं, ओम्मा, ओम्मा म्हणायचं."

सासूबाईंनी हे काम मनावर घेतलं. आठवड्याभरात "ओम्मा कुठाय?" विचारलं, की बोमी मान गर्रकन वळवून बोट दाखवायला लागली. फ्रिजकडे. मी शेजारी उभी राहिले तरी फ्रिजकडे. फोटो झाकला तरी फ्रिजकडे. एकदा फ्रिजचं दार उघडं राहिलं, तर पोरगी त्याला मिठी मारून आत वाकून बघत होती.

"थंड असली तरी सोशीक आहे," जिनमो म्हणाला.

माझी स्वतःची पद्धत वेगळी होती. घास भरवताना कानाशी हळूच म्हणायचं, "आई. आई." प्रेम आणि अन्न एकत्र गेलं, की शब्द मुरतो, असा माझा सिद्धांत. मुरलाही. बोमीच्या मते तांदळाची पेज म्हणजे 'आई', हे मला फार उशिरा कळलं. तोवर, चमचा दिसला की ती माझ्याकडे न बघता हर्षानं हात नाचवायची आणि मी ते माझ्यासाठी समजून डोळे पुसायचे.

खालच्या मजल्यावरच्या ताकबाईंना हे सगळं पाईपातून ऐकू जायचं. त्यांचं आडनाव खरंच ताक आहे, आणि घुसळणं हा त्यांचा स्वभाव.

"तीनशे दोन!" मला त्या घराच्या नंबरानं हाक मारतात. "अगं, मुलाला शब्द फुटत नसेल तर त्याच्यासमोर भांडायचं! माझी तिन्ही मुलं आमच्या भांडणात बोलायला शिकली. थोरल्याचा पहिला शब्द 'घटस्फोट'."

"आणि पोर मला आई म्हणाली तर?"

"म्हणू दे की! म्हणजे मूलच ना? कचऱ्याची पिशवी बांधता येत नाही तुला अजून. पोरगी चूक थोडीच बोलतेय?"

फोनवर माझ्या आईनं वेखंड सुचवलं. वेखंड उगाळून जिभेला लावलं की मुकासुद्धा भांडायला लागतो म्हणे. मी वनौषधींच्या दुकानात हातवारे करून, पाण्याकाठची मुळी, उग्र वासाची, असं सांगत सांगत शेवटी ते मिळवलं. ओट्यावर ठेवून वळते, तोवर सासूबाईंनी ओळखलं. इकडे त्याच झाडाच्या पाण्यानं बायका केस धुतात. "आयगो, किती गुणाची सून!" असं म्हणून त्यांनी ते सगळं उकळलं आणि बोमीला न्हाऊ घातलं. जीभ होती तिथंच राहिली. केस मात्र असे रेशमी झाले, की ताकबाई उरलेलं पाणी बादलीत घेऊन गेल्या.

आणि मग एका सकाळी नाश्त्याला बोमी पेज खाता खाता थांबली, तोंड वर केलं आणि स्पष्ट म्हणाली, "आय."

माझ्या हातातून चमचा पडला.

"म्हणाली!"

"आई म्हणजे मूल," जिनमो म्हणाला. "स्वतःची ओळख करून देतेय."

"कुठली ओळख?" ताकबाई नेमक्या भांडं परत करायला आल्या होत्या. "आमच्या गावाकडे 'आइदा' म्हणजे 'नाही'. तिला पेज नकोय. तुझी पेज मी खाल्लीय, पोरीची बाजू मला पटते."

सासूबाई शांतपणे कमरेवर हात देऊन उठल्या. "तो अर्धा आयगो आहे. माझा आहे. बाकीचा अर्धा येईल."

एवढ्याशा शब्दाचे चार मालक. मी म्हणाले, "ती मला हाक मारतेय!" पण माझंच मन खाऊ लागलं होतं, कारण बोमीची नजर पेजेच्या वाटीत होती.

सासूबाईंनी मग निकाल दिला. "कोबीच्या दिवसापर्यंत बघू. त्या दिवशी माझी थोरली बहीण येणार, सगळे येणार. चार माणसांत नात आपल्या आईला 'मूल' म्हणते हे मला चालायचं नाही. लोक तुलाच हसतात, कळतं का तुला? त्या दिवशी तिनं तुझ्याकडे बघून तुझ्या शब्दानं हाक मारली, तर मी गप्प. नाहीतर त्यानंतर या घरात ओम्मा, आणि तू गप्प."

लोक मला हसतात म्हणून त्यांचा जीव तुटत होता, हे माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नाही. मी फणकाऱ्यानं "चालेल" म्हणाले.

हिवाळ्याची किमची घालायचा दिवस म्हणजे सासूबाईंच्या घरी लगीनघाई. अंगणात निळी ताडपत्री, तिच्यावर रात्रभर मिठात मुरलेल्या कोबीचा डोंगर, टबभर लाल मसाला, मुळ्याचा कीस, शिंपल्यातली कालवं. आम्ही बायका कोंडाळं करून बसलो होतो. हातात लाल रबरी मोजे, कमरेला पट्ट्यानं बांधलेली गोल उशी. ही उशी मोठी सोयीची असते. बसलं की बूड टेकतं, उठलं की ती मागं लोंबत राहते. माणसाची प्रतिष्ठा घालवायला याहून स्वस्त साधन माझ्या पाहण्यात नाही.

सासूबाई, त्यांच्या थोरल्या बहीण म्हणजे मोठ्या मावशी, ताकबाई आणि मी. बाईंचा नेमका घरभेटीचा दिवस निघाला. त्यांनाही मावशींनी मोजे चढवून बसवलं. बोमी ताडपत्रीच्या कडेला कोबीचं पान चोखत बसलेली.

"ओम्मा कुठाय, बोमी?" बाईंनी सुरुवात केली.

बोमीनं ओसरीवरच्या फ्रिजकडे बोट केलं. हशा झाला.

"आई कुठाय, बोमी?" मी घाईनं विचारलं.

बोमीनं आशेनं चमचा शोधला. त्याहून मोठा हशा झाला. मी कोबीच्या पानांत मसाला भरू लागले. तिखट डोळ्यांत गेलं, हे बरं झालं. नाहीतर मला दुसरं कारण सांगावं लागलं असतं.

काम चढत गेलं तशा कमरा बोलू लागल्या. "आयगो!" मावशी. मी अर्धी उठले, उशीसकट. "बस गं, नुसती पाठ आहे." बसले. "आयगो, माझे गुडघे!" ताकबाई. मी पुन्हा उभी. "आयगो!" सासूबाई. उभी. "आयगो!" बाईसुद्धा. उभी. उशी मागं घंटेसारखी हलतेय, सगळ्या पोट धरून हसतायत, आणि जितक्या हसतायत तितक्या कमरा धरून आयगो म्हणतायत, आणि जितक्या म्हणतायत तितकी मी उठतेय.

आणि त्या गदारोळात बोमीनं तोंडातलं पान काढलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आयगो!"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"बाकीचा अर्धा!" सासूबाईंनी लाल मोजे हवेत उडवले. "म्हणाले होते ना! माझा शब्द! माझी नात!"

मावशींनी टाळ्या वाजवल्या, मसाला चहूकडे उडाला. मी हसले. हसावंच लागतं. पोरीचा पहिला धड शब्द, म्हातारीच्या कमरेचा. मी रिकामा टब उचलला आणि काहीतरी आणायचं निमित्त करून घराच्या कडेला लोणच्याच्या रांजणांमागं गेले. तिथं कोणी बघत नव्हतं. मी उशीवरच बसले आणि नाक ओढलं.

अंगणातून पुन्हा आवाज आला. "आयगो?"

हा आवाज बारीक होता. शेवटाला वर चढलेला. मला काही तो कमरेचा वाटेना.

"आयगो? आय-गो?"

"अगं, ही कोणाला शोधतेय?" मावशींचा आवाज. "थांबा, थांबा. तुम्ही नीट बघितलंत का? मघापासून कोणीही आयगो म्हणालं, की पोर म्हणणाऱ्याकडे बघतच नव्हती. बोट करायची सुनेकडे!"

"कशावरून?" सासूबाई.

"तूच म्हणून बघ."

"आयगो!" सासूबाई ओरडल्या, आणि माझे पाय, ज्यांना इतक्या वर्षांत अक्कल आली नाही, ते ताडकन उभे राहिले. रांजणांच्या वर माझं डोकं निघालं.

बोमी ताडपत्री सोडून, रांगत, गुडघे लाल करत येत होती. मला बघितलं, खुदकन हसली आणि मसाल्याचं बोट माझ्याकडे रोखलं.

"आयगो!"

सरळ होतं. पोरीनं जन्मापासून एकच पाहिलं होतं: आजी आयगो म्हणते आणि एक बाई धावत येते. मग त्या बाईचं नाव दुसरं काय असणार?

मी तिला उचललं. तिनं माझ्या दोन्ही गालांना मसाला फासला आणि कानात पुन्हा एकदा, खात्री करून घेतल्यासारखं म्हटलं, "आय गो." वेंगुर्ल्यात म्हणतात तसं. मधे जरा जागा सोडून.

सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी माझे लाल गाल पाहिले. मग म्हणाल्या, "म्हणजे मी इतकी वर्षं तुलाच हाक मारत होते होय?"

"हो. आणि मी येत होते."

"मग एकदा तरी येताना पाण्याचा तांब्या आणायचास!"

"तुझी येते तरी," मावशी म्हणाल्या. "माझी सून नाव घेऊन बोलावलं तरी टीव्हीचा आवाज वाढवते."

बाईंना मात्र शंका होती. "पण आयगो हा तसा शब्द नाही. उद्गार आहे."

"बाई," ताकबाईंनी कालवाचा एक घास करून त्यांच्या तोंडात कोंबला, "हाक मारल्यावर जी येते ती आई. मग हाक शब्दाची असो नाहीतर शिंकेची. चावा."

सासूबाई बोलल्या शब्दाला जागल्या. फ्रिजवरचा माझा फोटो त्यांनीच काढला. "पोर अशी आईला सोडून कपाटाला मिठी मारायची," म्हणून. मी मिक्सर लावून ओवी पुरी केली:

*सासूच्या कमरेला आली एक कळ,*
*लेकीच्या ओठी तिचं झालं गोड फळ.*

आता एवढंच, की या गावात उठता-बसता जो तो आयगो म्हणतो. लिफ्टमध्ये संत्र्यांची पेटी उचलणारा, बाजारात कालवं फोडणाऱ्या म्हाताऱ्या, बसची पायरी चढणारे आजोबा. बोमी प्रत्येक वेळी अभिमानानं माझ्याकडे बोट दाखवते. तिच्या हिशेबी सगळं गाव तिच्या आईच्या नावानं हाका मारतं. आणि मी प्रत्येक वेळी वळते. नवी जागा, नवी माणसं, कोणाला माझं नाव उच्चारता येत नाही, पण हाक मारल्याशिवाय कोणाचा दिवस जात नाही!

परवा वेंगुर्ल्याला व्हिडिओ लावला. आई ओट्यापाशी पाठमोरी मासे साफ करत होती. मी आईला काही सांगणार, तोच बोमीनं माझी वेणी ओढली आणि सगळ्या ताकदीनं हाक मारली, "आय गो!"

तिकडे सुरी खणकन पडली. माझी आई खवलेभरल्या हातांनी धावत पडद्याशी आली.

"काय झाला गो? खय लागला?"